शेक (कॅन्सरचं रेडिएशन) घेऊन वर्ष झालं आणि आता संडासवाटे रक्त जातंय, मूळव्याधीचं ऑपरेशन करायचं का?

पत्र :

"डॉक्टर मॅडम, आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. माझी आई ५६ वर्षांची आहे. तिला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला होता, ऑपरेशन होण्यासारखं नाही म्हणाले म्हणून २५ शेक दिले, आठवड्याला एक केमो, आणि शेवटी आतलं रेडिएशन. सगळं संपून १४ महिने झाले, गाठ गेली म्हणून सांगितलं होतं. आता संडासला लालभडक रक्त जातंय, आव पडते, दिवसातून सात-आठ वेळा घाईने पळावं लागतं आणि जाऊन बसलं तर काहीच होत नाही. हे तीन महिन्यांपासून चालू होतं पण तिने आम्हाला सांगितलंच नाही, चादरीला डाग दिसला तेव्हा कळलं. हिमोग्लोबिन ८.१ आलंय. तालुक्याच्या डॉक्टरांनी मूळव्याध आहे म्हणून येत्या गुरुवारी ऑपरेशन ठेवलंय. भाऊ म्हणतो कॅन्सर परत आलाय, चुलते म्हणतात शेक जास्त बसला, हॉस्पिटलवाल्यांची चूक. आई जेवायची बंद झालीये, जेवलं की पळावं लागतं म्हणते. पुढच्या महिन्यात मावसबहिणीचं लग्न आहे, त्यालाही येत नाही म्हणते. नक्की काय झालंय, यावर औषध आहे का, आणि काय खायला द्यायचं?"

उत्तर :

ताई, सगळ्यात आधी ते गुरुवारचं ऑपरेशन थांबवा. त्यासाठी कुणाशी भांडायची गरज नाही, त्या डॉक्टरांना फोन करून एवढंच सांगा की आईच्या ओटीपोटाला रेडिएशन झालेलं आहे आणि आतून दुर्बिणीने बघितल्याशिवाय आम्हाला तिथं काहीही कापायचं, बांधायचं किंवा इंजेक्शन द्यायचं नाही. बऱ्याचदा काय होतं की पेशंट लाजून कॅन्सरचं बोलतच नाही, नुसतं "रक्त जातंय" म्हणतो, आणि समोरचा डॉक्टर शंभरातल्या नव्वद पेशंटना मूळव्याधच बघत असतो त्यामुळे त्याच्या डोक्यात दुसरं काही येत नाही. तेव्हा त्यांना रेडिएशनचं माहीत होतं की नाही ते आधी विचारा, मला तर वाटतं माहीत नसावं.

आता काय झालं असेल ते सांगते. शेक संपून वर्ष-सव्वा वर्ष, लालभडक रक्त, सोबत चिकट आव, सारखी घाई, जाऊन बसलं तर नुसतं कुंथणं, हे सगळं एकत्र ठेवलं तर सगळ्यात जास्त शक्यता रेडिएशन प्रोक्टायटिसची वाटते. म्हणजे शेकामुळे गुदाशयाला, संडास साठते त्या आतड्याच्या शेवटच्या भागाला, झालेली इजा. पत्र वाचून कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, दुर्बीण लागणारच, पण तुम्ही लिहिलेलं वर्णन इतकं जुळतंय की मला दुसरं काही निघालं तर आश्चर्य वाटेल.

गर्भपिशवीचं तोंड आणि गुदाशय अगदी पाठीला पाठ लावून असतात, मधे योनीची पातळ भिंत, बस. गाठ जाळायला जेवढी किरणं लागतात त्यातली काही त्या गुदाशयाच्या पुढच्या भिंतीवर पडतातच, आतलं रेडिएशन देताना तर जास्तच. शेक चालू असताना आईला जुलाब, आव, आग असं झालं असेल बहुतेक, ते त्यावेळचं असतं आणि शेक संपल्यावर काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत आपोआप बसतं. हे आत्ताचं वेगळं आहे. हे उशिरा येतं, साधारण नऊ महिने ते सव्वा वर्षाच्या आसपास सुरू होतं, आणि कधीकधी तर काही वर्षांनीसुद्धा. किरणांमुळे तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आतून हळूहळू जाड होत जातात आणि बंद पडतात. तुमच्याकडे शेती असेल तर ठिबकच्या नळ्या क्षाराने चोंदतात तसं समजा, पाणी पुढं जात नाही आणि रान वाळायला लागतं. मग शरीर काय करतं, रक्त पोचवायला तिथं नवीन रक्तवाहिन्या तयार करतं, पण त्या अगदी नाजूक असतात, वरवर असतात, जरा कडक संडास घासून गेली की फुटतात. ते रक्त तुम्हाला दिसतंय. आणि भिंत जाड, ताठ झाल्यामुळे गुदाशय पहिल्यासारखा ताणत नाही, थोडं काही आलं की "चल लवकर" असं वाटतं, म्हणून ती घाई.

आता तुम्हाला कळेल मी ऑपरेशन का थांबवायला सांगतेय. जिथं रक्तपुरवठाच कमी आहे तिथं जखम भरत नाही. साध्या माणसात मूळव्याधीला रबर बँड लावला, इंजेक्शन दिलं, क्षारसूत्र केलं, लेझर केलं तर काही आठवड्यांत बरं होतं, पण शेक घेतलेल्या गुदाशयात तीच जखम महिनोनमहिने ओली राहू शकते, चिघळू शकते आणि सगळ्यात वाईट म्हणजे गुदाशय आणि योनीच्या मधली ती पातळ भिंत फाटून आरपार भोक पडू शकतं. मग संडास पुढच्या मार्गाने यायला लागते आणि पोटावर पिशवी लावायची वेळ येते. एवढं मोठं संकट एका साध्या छोट्या ऑपरेशनमधून ओढवून घ्यायचं नाही. प्रत्येक स्टँडच्या बाहेर आणि बाजारपेठेत "मूळव्याध, भगंदर, फिशर, विनाऑपरेशन खात्रीशीर इलाज" असे बोर्ड लागलेले असतात, तिथं तर आईला अजिबात नेऊ नका, कुणी कितीही गुण आला म्हणून सांगू दे.

तुकडा काढण्याचंही तेच. दुर्बीण करताना पुढच्या भिंतीवर लाल लाल जाळं दिसलं तर काही ठिकाणी सवयीने तिथला तुकडा तपासायला काढतात. शेक घेतलेल्या पुढच्या भिंतीचा तुकडा काढणं टाळायचं असतं, कारण तिथंच भोक पडायचा धोका असतो. खरोखर गाठीसारखं काही दिसलं तर गोष्ट वेगळी, पण तेव्हासुद्धा ज्यांनी शेक दिला त्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून मगच ठरवायचं. म्हणून दुर्बिणीला जाताना रेडिएशनचं डिस्चार्ज कार्ड सोबत न्या, त्यावर किती ग्रे (रेडिएशन मोजायचं माप) डोस, किती शेक, आतलं किती वेळा हे सगळं लिहिलेलं असतं, आणि ते कार्ड पिशवीत न ठेवता डॉक्टरांच्या हातात द्या.

भावाच्या भीतीबद्दल. कॅन्सर परत आलाय का हा प्रश्न विचारायलाच हवा, तो चुकीचं बोलत नाहीये. पण नुसत्या लाल रक्तावरून तसं धरून बसू नका. आधी एक साधी गोष्ट नीट बघा, रक्त नक्की कुठून येतंय. बायकांना बऱ्याचदा स्वतःलाच कळत नाही की ते संडासच्या जागेतून येतंय, अंगावरून जातंय की लघवीतून, कारण भांड्यात सगळं एकच दिसतं. आईला म्हणावं पुढच्या जागेला एक पॅड लाव आणि संडासनंतर वेगळ्या कपड्याने पूस, म्हणजे कळेल. अंगावरून जात असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांकडे लगेच, दुसऱ्या दिवशी. आणि तसं नसलं तरी त्यांच्याकडे एकदा आतून तपासणी व्हायलाच हवी, पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी जायचं असतं, आईची शेवटची तारीख कधी होती ते फाइलमध्ये बघा. माझा अंदाज, एखादी तारीख चुकलेली असणार. गरज वाटली तर ते एमआरआय सांगतील.

दुर्बिणीसाठी पोटाच्या डॉक्टरांकडे, म्हणजे गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्टकडे जा, सोलापूर शहरात मिळतील. आईचं वय ५६ आणि हिमोग्लोबिन ८ आहे, म्हणून अर्धवट न बघता पूर्ण मोठ्या आतड्याची दुर्बीण केलेली बरी, कारण रक्त जायची दुसरीही कारणं असू शकतात, आतड्यात वेगळा कोंब (पॉलिप) किंवा गाठ, जंतुसंसर्ग, आणि हो, मूळव्याधसुद्धा, ती शेक घेतलेल्यांना होत नाही असं थोडंच आहे. आदल्या दिवशी पोट साफ करायची पावडर पाण्यातून प्यावी लागते, आईला अशक्तपणा आहे तर ते प्यायला कुणीतरी सोबत बसा, मधेमधे नारळपाणी, सरबत द्या. बऱ्याच जणींना दुर्बिणीची भीती वाटते, झोपेचं हलकं औषध देऊन करतात, फारसं काही जाणवत नाही.

आता औषध. सगळ्यात पहिली गोष्ट, ज्यांना आठवड्यातून कधीतरी चार थेंब जातात आणि हिमोग्लोबिन चांगलं आहे त्यांना काहीच करावं लागत नाही, संडास मऊ ठेवायची आणि वाट बघायची, कित्येकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप कमी होतं. आईचं तसं नाहीये, रक्त कमी झालंय म्हणजे उपचार हवाच.

मी स्वतः असेन तर सुरुवात सुक्रालफेटच्या एनिमाने करेन. सुक्रालफेट म्हणजे ते ॲसिडिटीला, अल्सरला देतात ते पांढरं घट्ट औषध, तेच खालून द्यायचं. ते जखमेवर लेपासारखं चिकटून बसतं. हे आपल्याच देशात, चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये नीट तपासून बघितलेलं आहे. १९९१ साली त्यांचा अभ्यास छापून आला, ३७ पेशंट होते, अर्ध्यांना सल्फासॅलॅझिनच्या गोळ्या आणि स्टिरॉइडचा एनिमा, अर्ध्यांना दिवसातून दोनदा २ ग्रॅम सुक्रालफेटचा एनिमा, चार आठवडे. सुक्रालफेटवाल्यांना जास्त फायदा झाला आणि त्रासही कमी झाला. पेशंट थोडे होते हे खरं, पण स्वस्त आहे, घरी करता येतं, धोका अगदी कमी, मग सुरुवात याच्यापासून का करू नये? मला अजूनही बघून वाईट वाटतं की लोकांना महागडे मेसालामाइनचे एनिमा लिहून देतात, कोलायटिसला म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेला चालतात म्हणून, आणि या आजारात त्यांचा तसा फारसा उपयोग दिसलेला नाही.

घरी कसं करायचं ते सांगते, पण मात्रा तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. दहा मिलीत १ ग्रॅम असं सुक्रालफेटचं सिरप मिळतं, त्यातलं २० मिली सकाळी आणि २० मिली रात्री. बाटली घेताना लेबल वाचा, बऱ्याच बाटल्यांत सोबत ऑक्सिटाकेन हे बधिर करणारं औषध मिसळलेलं असतं, ती नको, साधं सुक्रालफेट द्या म्हणून मेडिकलवाल्याला सांगा. आधी संडास, लघवी होऊन येऊ द्यायची. मग आईला डाव्या कुशीवर झोपवायचं, गुडघे पोटाशी. मोठ्या सिरिंजला मऊ रबरी नळी लावायची, नळीच्या टोकाला भरपूर जेली किंवा व्हॅसलिन, आणि अगदी हळू, चार-पाच सेंटिमीटर आत, जोर अजिबात लावायचा नाही. औषध हातात धरून कोमट करून घ्या, गार असलं की लगेच कळ येऊन बाहेर पडतं. आत सोडल्यावर तसंच पडून राहायचं, अर्धा तास राहिलं तरी चांगलं, रात्रीचं सकाळपर्यंत टिकलं तर उत्तमच. पहिले तीन-चार दिवस टिकत नाही, सगळं बाहेर येतं, चादर खराब होते, त्याने हिरमुसून सोडू नका. खाली जुनं लुगडं अंथरा आणि चालू ठेवा. चार आठवड्यांनी फरक बघायचा. पहिल्यांदा नर्सकडून समोर करून दाखवून घ्या, नंतर तुम्ही किंवा आई स्वतः करू शकते, बऱ्याच बायका स्वतःच्या स्वतः करतात, कुणाला सांगावंही लागत नाही.

यासोबत काही डॉक्टर मेट्रोनिडाझोलची गोळी काही आठवडे देतात, तिचाही काही पेशंटमध्ये फायदा दिसलाय. पण आव पडते म्हटलं की गावात जी पाच दिवसांची तीच गोळी पुन्हा पुन्हा देतात ती गोष्ट वेगळी, ही आव अमिबाची नाहीये, उगाच कोर्सवर कोर्स करत बसू नका.

एनिमाने थांबलं नाही, किंवा हिमोग्लोबिन घसरतच राहिलं, तर पुढची पायरी म्हणजे त्या फुटणाऱ्या रक्तवाहिन्या दुर्बिणीतूनच बंद करायच्या. याचे दोन मार्ग जास्त चालतात. एक म्हणजे आर्गॉन प्लाझ्मा, एपीसी म्हणतात. दुर्बिणीतून आर्गॉन वायूची बारीक धार सोडून त्यातून वीज जाते, आतड्याला हात न लावता वरच्यावर त्या वाहिन्या भाजल्या जातात. साधारण एक ते तीन वेळा करावं लागतं, मधे काही आठवडे सोडून, आणि बहुतेकांचं रक्त याने थांबतं किंवा अगदी कमी होतं. यात एक गोष्ट लक्षात ठेवा, एपीसीच्या आधी पोट पूर्ण साफ करणारी पावडर प्यायलाच लागते, नुसता एनिमा देऊन भागत नाही, कारण आतड्यात जळणारे वायू असतात आणि ठिणगीने आत स्फोट होऊ शकतो. क्वचित होतं पण झालेलं आहे, त्यामुळे त्या पावडरीचा कंटाळा करून अर्धी ओतून द्यायची नाही. एपीसीनंतर थोडे दिवस दुखतं, भाजलेल्या जागी व्रण होतो, तो भरतो. सगळी जाळी एकाच दिवशी भाजून काढा असा आग्रह धरू नका, थोडं थोडं केलेलंच बरं.

दुसरा मार्ग फॉर्मॅलिन. हो, तेच द्रव्य ज्यात तपासणीचे तुकडे ठेवतात. ४ टक्क्याचं फॉर्मॅलिन बोळ्याने किंवा गॉजने त्या रक्त येणाऱ्या जागेवर दोन-तीन मिनिटं धरतात, मग धुऊन काढतात, बाहेरच्या कातडीला आधी व्हॅसलिन लावून ठेवतात म्हणजे ती पोळत नाही. ऐकायला भयंकर वाटतं पण गुण चांगला येतो, खर्च अगदी कमी, आणि जिथं आर्गॉनचं मशिन नाही तिथंही होतं. मात्र ज्याने आधी केलेलं आहे अशाच डॉक्टरकडे करायचं, कारण जास्त वेळ धरलं गेलं तर जागा आकसते, दुखतं. दोन्हीतलं कुठलं, हे तुमच्याकडे काय मिळतं आणि आत किती भाग खराब आहे त्यावर ठरवा, एकाने नाही थांबलं तर दुसरं करता येतं.

शहरातले नातेवाईक ऑक्सिजनच्या चेंबरचं सांगतील, हायपरबॅरिक म्हणतात. दाबाखालच्या खोलीत रोज दीड तास ऑक्सिजन घ्यायचा, असं ३० ते ४० दिवस. २००८ साली १२० पेशंटच्या अभ्यासात फायदा दिसला आणि २०१६ साली ब्रिटनमधल्या ८४ जणांच्या अभ्यासात दिसला नाही. म्हणजे अजून एकमत नाही. महिना-दीड महिना मुंबई-पुण्यात राहून तो खर्च करायचा की नाही हे बाकी सगळं करून झाल्यावर बघू, आत्ता त्यासाठी दागिने मोडायला जाऊ नका.

पोटावर पिशवी, मोठं ऑपरेशन, हे अगदी थोड्या लोकांना लागतं, जिथं आतडं खूप आकसलंय, भोक पडलंय किंवा कशानेच रक्त थांबत नाही. आईच्या बाबतीत आत्ता त्याचा विचारही मनात आणू नका.

हिमोग्लोबिनकडे मात्र आजच लक्ष द्या, दुर्बिणीची तारीख मिळेपर्यंत थांबू नका. ८.१ म्हणजे ती जिना चढताना धापा टाकत असेल, चक्कर येत असेल. लोहाच्या गोळ्यांनी भूक मरते आणि संडास कडक होते, आईला ते दोन्ही परवडणारं नाही, म्हणून शिरेतून लोह देता येतं का ते विचारा, एक-दोन वेळात काम होतं. गोळ्या दिल्याच तर संडास काळी होईल, त्याला घाबरू नका. सातच्या खाली गेलं किंवा दम लागायला लागला, छातीत धडधड, तर रक्त चढवावं लागेल. आणि शुगर, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) एकदा बघून घ्या, डायबेटिस असला तर हे बरं व्हायला जास्त वेळ लागतो.

आईच्या गोळ्यांची पिशवी उलटी करून बघा. त्यात रक्त पातळ करणारी गोळी आहे का, इकोस्प्रिनसारखी? असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, कशासाठी दिली होती ते बघून डॉक्टर ठरवतील, पण त्यांना सांगा. अंगदुखीला मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या तर पूर्ण बंद, त्याने रक्त वाढतं. दुखलं तर पॅरासिटामॉल. आणि एक नाजूक विषय, आई मिशरी लावते का? आपल्याकडे त्या वयाच्या बायका लावतात आणि कॅन्सर झाल्यावरही सुटत नाही, संडासला जायच्या आधी तर हमखास लावतात. तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात, आधीच तिथं रक्त पोचत नाही, त्यात ही भर. रागावून नका सांगू, पण सांगा.

खाण्याचं. पथ्याने हा आजार जात नाही, हे आधी समजून घ्या, म्हणजे नको त्या गोष्टी बंद करून तिला उपाशी मारणार नाही. उद्देश एकच, संडास मऊ आणि बांधून व्हायला पाहिजे, खडाही नको आणि पाणीही नको. ज्या दिवशी जुलाब जास्त त्या दिवशी मऊ भात, मुगाची खिचडी, ताकाऐवजी डाळीचं पाणी, केळं. बाकी दिवशी तिची नेहमीची ज्वारीची भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून चालेल, भाज्या शिजवलेल्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा काही दिवस बाजूला. शेकानंतर बऱ्याच जणांना दूध पचत नाही, आठ दिवस बंद करून बघा, फरक पडला तर कळेलच. खडा होत असेल तर इसबगोल रात्री एक चमचा भरपूर पाण्यातून, पण संडास पेन्सिलसारखी बारीक होत असेल तर इसबगोल द्यायच्या आधी दुर्बीण होऊ द्या. प्रोटीन लागतं, अंडं खात असेल तर रोज एक-दोन द्या. उपवास सध्या नकोत. दिवसभर साबुदाणा खाल्ला की दुसऱ्या दिवशी खडा आणि खड्याने रक्त, विठ्ठलाला काही तिचं वाईट झालेलं नकोय.

आणि जेवलं की पळावं लागतं म्हणून जेवत नाही, यावर इलाज आहे. जेवणाच्या अर्धा तास आधी लोपरामाइडची गोळी घेतली तर घाई कमी होते, दुर्बीण झाल्यावर आणि जंतुसंसर्ग नाही हे बघितल्यावर डॉक्टरांना विचारून सुरू करा. त्याने दिवसातले फेरे कमी झाले तर तिचा जेवणावरचा विश्वास परत येईल. संडासची जागा दिवसातून पाच-दहा मिनिटं आवळून सोडायचा व्यायामही शिकवा, फिजिओथेरपिस्ट दाखवतात, महिन्या-दोन महिन्यांत धरून ठेवायची ताकद वाढते.

चुलत्यांचं म्हणणं की शेक जास्त दिला. बघा, मी ती फाइल बघितलेली नाही, त्यामुळे त्या हॉस्पिटलबद्दल काही बोलणार नाही. पण एवढं सांगते की हा त्रास नीट, हिशोबाने दिलेल्या रेडिएशननंतरसुद्धा होतो. आतलं रेडिएशन देताना गॉजचे बोळे भरून गुदाशय मागे ढकलतात, त्याला किती डोस बसेल याचं गणित करतात, तरीही काही जणींना होतोच. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने ऑपरेशननंतर शेक लागलेल्या ३०० बायकांवर पार्सर नावाचा अभ्यास केला, २०२१ मध्ये छापून आला, त्यात जुन्या पद्धतीच्या शेकाने तीन वर्षांत ४२ टक्के बायकांना आतड्याचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास झाला आणि नवीन आयएमआरटी पद्धतीने, म्हणजे किरणांचा जोर जागेनुसार कमी-जास्त करून दिलेल्या शेकाने, २१ टक्क्यांना. आईची केस वेगळी आहे, तिचं ऑपरेशन झालेलं नव्हतं, पण यावरून दोन गोष्टी कळतात, चांगल्या मशिनने त्रास निम्मा होतो, आणि चांगल्या मशिननेही शून्य होत नाही. त्या शेकाने तिची गाठ गेलीये, हेही चुलत्यांना सांगा. भांडायला वेळ घालवण्यापेक्षा त्याच हॉस्पिटलच्या रेडिएशनच्या ओपीडीत जाऊन दाखवा, त्यांना हे ओळखीचं असतं. महात्मा फुले योजनेतून शेक झाला असेल तर पुढच्या उपचाराचं काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, आधार आणि रेशनकार्ड सोबत घेऊन जा.

तुम्ही लिहिलंय की तिने तीन महिने सांगितलं नाही, त्यात मला राग नाही, दुःख ऐकू आलं. तिच्यावर ओरडू नका ताई. तिला वाटलं असणार कॅन्सर परत आला, मुलांनी आधीच किती खर्च केला, आता परत नको. तिला आज रात्रीच जवळ बसून सांगा की याला नाव आहे, हे बऱ्याच जणींना होतं आणि याचं औषध आहे. आणि अजून एक विचारा, एकटीत, पुरुष माणसं नसताना : पुढच्या मार्गाने वारा किंवा संडास येते का, तिथं घाण वास, घाण पाणी येतं का? बायका हे मेल्या तरी बोलत नाहीत. "हो" म्हणाली तर बाकी सगळं सोडून त्याच आठवड्यात कॅन्सरच्या डॉक्टरांकडे न्या.

लग्नाला मात्र न्या. मोठ्या माणसांचे पॅड मिळतात ते लावा, एक जादा साडी, प्लास्टिकची पिशवी, ओले टिश्यू बॅगेत ठेवा. कार्यालयात पोचल्या पोचल्या संडास कुठं आहे ते आधी बघून तिला त्याच्या जवळची खुर्ची द्या, आणि एसटीऐवजी जमलं तर गाडी करा म्हणजे वाटेत थांबवता येईल. सकाळचं खाणं हलकं, पंगतीत पोटभर जेवायचा आग्रह कुणी करणार नाही हे मावशीला आधीच सांगून ठेवा.

रक्ताच्या गुठळ्या पडायला लागल्या, उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी, पोट फुगून संडास आणि वारा दोन्ही बंद, किंवा पोटात जोरात दुखून ताप, यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, रात्र असली तरी सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीला.

ता. क. : हे वाचणाऱ्या पुरुषांसाठी. प्रोस्टेटच्या कॅन्सरला शेक घेतल्यावरही अगदी हाच त्रास होतो, कारण प्रोस्टेटही गुदाशयाला चिकटूनच असतं. त्या वयात हृदयाच्या गोळ्या चालू असतात, रक्त पातळ करणाऱ्या, त्यामुळे रक्त जास्त जातं आणि लोक मूळव्याध म्हणून गप्प बसतात. दुर्बिणीच्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मला खाली रेडिएशन झालंय, अमुक साली, हे कार्ड.